बैलाला घाट, मोटारीला हमरस्ता

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढल्यामुळे समोरचा माणूस कोणत्या कामाला आला आहे, हे मला तो पायरी चढतानाच कळतं. पासबुक भरायला आलेला माणूस पंख्याकडे बघतो. ज्याचा चेक वटलेला नाही तो मॅनेजरच्या केबिनकडे बघतो. आणि ज्याला कर्ज हवं असतं तो माझ्याकडे बघून हसतो. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझा सख्खा पुतण्या माझ्याकडे बघून हसला, आणि मी शंभराचं बंडल मोजताना त्र्याण्णववर चुकलो.

"काका, गाडी घ्यायचीय. जुनी."

इथवर मला बरं वाटलं. कॉमर्सच्या पदवीधराला 'जुनी' हा शब्द फार गोड लागतो. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडते तेव्हा मालक पेढे वाटत असतो आणि त्याच क्षणी तिची किंमत खाली बसत असते. आयकराच्या हिशेबातसुद्धा मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. जुन्या गाडीचा हा घसारा दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो. दुसऱ्याच्या खर्चाने मिळणाऱ्या सुखाला वाणिज्य शाखेत मोक्षाच्या जवळपासचं स्थान आहे.

"कुठली घेतोस?"

"स्पोर्ट्‌स कार. हलकी. ट्रॅकवर चालवायला शिकायचंय."

मी बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

चिरंजीव चाकणला इंजिनियर आहेत. ट्रॅक म्हणजे मोटारी पळवण्यासाठी बांधलेला, कुंपण घातलेला वळणावळणांचा रस्ता. तिथे पैसे भरायचे, डोक्यात हेल्मेट घालायचं, शेजारी शिकवणारा बसवायचा आणि वेगाने गाडी कशी हाकावी हे शिकायचं. शर्यत लावायची नाही, बक्षीस नाही, फोटो निघाला तर निघाला. असले ट्रॅक आपल्याकडे आहेत तरी कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक आहे, १९९० सालचा. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, २००३ सालचा. आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनवाले येऊन गेले. आमच्या वरवंडहून यांतला कुठलाही ट्रॅक गाठायचा तर हजार किलोमीटरांची यात्रा. तेवढ्यात आमची माणसं तिरुपती करून येतात, आणि येताना निदान लाडू तरी आणतात.

वरवंडात कुणी गाडी घ्यायची म्हटली की तो त्या घरापुरता प्रश्न राहत नाही. संध्याकाळी दादाच्या अंगणात परिषद भरली. दादा, वहिनी, निवृत्त एस्टी ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाले शेजारी आणि गॅरेजचे मेस्त्री. पुतण्याने कागद काढून वाचायला सुरुवात केली. परदेशात शिकाऊ मंडळी म्हणे जपानी माझदाची एमएक्स-५ घेतात. १९८९ साली आलेली दोन माणसांची उघडी गाडी, वजन हजार किलोच्या आत. जुन्या बाजारात सहज मिळते आणि हाकणाऱ्याला शहाणं करते. पण ती आपल्याकडे कंपनीने कधी विकायलाच आणली नाही. मग आपल्याकडची कोण? तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. अशी एक पुण्यात विकाऊ होती.

रविवारी आम्ही ती बघायला गेलो. आमच्या मेस्त्रींची जुनी गाडी तपासायची एक पद्धत आहे. खिशातून लोहचुंबक काढायचा आणि पत्र्याला ठिकठिकाणी लावायचा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली. त्यांनी चुंबक दाराला लावला, पडला. बॉनेटला लावला, पडला. डिकीला लावला, पडला. मेस्त्री उठून उभे राहिले आणि मालकासमोरच पुतण्याला म्हणाले, "साहेब, चला. ही सगळी गाडीच पुट्टीची आहे."

फायबरग्लासला चुंबक चिकटत नाही हे त्यांना पटवायला हडपसरपर्यंतचा वेळ लागला. पण मेस्त्री वेगळ्या वाटेने का होईना, योग्य ठिकाणी पोचले होते. गाडीचं उत्पादन कधीच थांबलेलं. ट्रॅकवर शिकाऊ माणूस पहिल्याच महिन्यात चिखलात जाणार, कठड्याला घासणार. तिचा एक दिवा फुटला तर तो शोधायला गोव्याला जायचं की फ्रान्सला? जी गाडी ठोकताना मन दुखेल ती शिकायला घेऊ नये, हा पहिला नियम मी तिथेच घालून दिला.

आणि इथून माझं आणि गावाचं भांडण सुरू झालं.

गावाचं म्हणणं एकच: शर्यतीची गाडी म्हणजे ताकद. ट्रॅक्टरवाले म्हणाले, घ्यायची तर दोनशे घोड्यांची घ्या. दादा म्हणाला, लाल घ्या. एकाने सायलेन्सर काढून टाकायचा सल्ला दिला, म्हणजे गाडी आली हे पाटसला कळेल. आठ दिवसांत जो भेटेल तो घोडे वाढवत होता. पुतण्याचाही तोल जाऊ लागला. त्याने एका वजनदार जर्मन गाडीचा फोटो मला दाखवला. तिच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगाराएवढा होता.

माझं म्हणणं असं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही: ज्याला वेगाने हाकायला शिकायचं आहे त्याने आधी हलकी, दुबळी, स्वस्त आणि जुनी गाडी घ्यावी. म्हणजे सरळ सांगायचं तर मारुती ८००.

हसू नका. अंगणातही सगळे हसलेच होते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, घोडे सदतीसच्या आसपास, वजन साधारण साडेसहाशे किलो. आता शाळेतलं एक गणित आठवा. धावत्या गाडीत जो जोर साठतो तो वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चाळीसची ऐंशी केली की जोर दुप्पट नव्हे, चौपट. गाडी थांबवायची म्हणजे हा सगळा जोर ब्रेकने उष्णतेत घालवायचा. सव्वासोळाशे किलोची गाडी त्याच वेगाला अडीचपट जोर घेऊन येते. तिचे ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पाय फरशीपर्यंत जातो. शिकाऊ माणसाला तेव्हा देव आठवतो. साडेसहाशे किलोच्या गाडीत देवाला एवढ्या लवकर उठवावं लागत नाही. शिवाय टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं आणि चुकलेली गाडी चार माणसं ढकलून बाहेर काढतात.

दुसरी गोष्ट. ताकदवान गाडी चुका झाकते. वळणावर घाबरून पाय काढला तरी पुढच्या सरळ रस्त्यावर दोनशे घोडे ती कसर भरून काढतात, आणि हाकणाऱ्याला वाटतं मी शूर. सदतीस घोड्यांना कसर भरता येत नाही. वळणात वेग घालवलात तर तो पुढे अर्धा किलोमीटर भीक मागून जमवावा लागतो. म्हणून ब्रेक कुठे लावायचा, स्टिअरिंग किती वळवायचं आणि नजर कुठे ठेवायची, हे शिकण्यावाचून इलाज उरत नाही. बँकेत नवीन माणसाला आम्ही आधी चिल्लर मोजायला देतो, तिजोरीच्या किल्ल्या नाही. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर गाडीतून वजन काढत राहिला, तो काही गरीब होता म्हणून नव्हे.

हे वरवंडच्या कारकुनाचं खूळ आहे असं वाटत असेल तर कोइमतूरला जा. तिथल्या एस. करीवर्धन यांनी मारुती ८०० चंच इंजिन बसवून एकट्या माणसाच्या स्वस्त शर्यतीच्या गाड्या बनवल्या. फॉर्म्युला मारुती असं त्या वर्गाचं नाव. वरचा तो करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्यानेही सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीतून केली. ज्या इंजिनावर आमचे शेजारी भाजी आणायला जातात त्याच इंजिनावर. भाजीवाल्याशी घासाघीस करून ते परत येतात, एवढाच फरक.

आता पैशाचं बोलतो, कारण त्याशिवाय माझी बदली होईल. शिकाऊ गाडी कर्जावर घेऊ नये. मी कर्जाच्या काउंटरवरून हे सांगतोय. तिसऱ्या वळणावर उलटलेल्या गाडीचेही हप्ते सरळच चालतात. आणि विमा? आपल्याकडच्या मोटार विम्याच्या पॉलिसीची मागची बारीक अक्षरं वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी यांतलं नुकसान त्यात धरलेलं नसतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी गेली की गेली. तेव्हा हातातले पैसे मोजा, त्यातल्या निम्म्याचीच गाडी घ्या आणि उरलेले ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल, चार चांगले टायर, हेल्मेट आणि शिकवणाऱ्याची फी यांत घाला. आवाजात, रंगात आणि स्टिकरात एक रुपया घालू नका. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते वाचल्याशिवाय 'टायर नवीन आहेत' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. चाकांजवळचा आणि खालचा पत्रा गंजलेला असेल तर नमस्कार करून निघा. आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. बोजा उतरवल्याचा कागद दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, विकणारा कितीही देवमाणूस असो. देवमाणसांचीच खाती मी रोज बघतो.

इथवर सगळे कंटाळून ऐकत होते. तेवढ्यात दादा मुद्द्याचं बोलला. म्हणाला, "एवढं सगळं करून हजार किलोमीटर जायचंच कशाला? आपला हायवे काय वाईट आहे? रात्री अकरानंतर मोकळाच असतो."

माझं डोकं फिरलं ते तिथे.

वरवंड पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. हा रस्ता आम्हाला मोकळा कधी दिसलेला नाही. थंडीत उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन, मागे दिवा नाही, असली तर एक गोणपाटाची चिंधी. पहाटे दूधवाले. दुपारी शाळा. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा या रस्त्यावर माणूसच माणूस, आणि मोटारी गुमान बाजूला थांबतात. वर्षातले ते एक-दोन दिवस रस्ता खरा कुणाचा आहे ते कळतं. बाकीचे दिवस तो गाडी शिकणाऱ्यांचा. चौफुल्यापासून पाटसपर्यंत कोण आधी पोचतो, या परीक्षेला इथे रोज रात्री मुलं बसतात. फी नाही, हेल्मेट नाही, शिकवणारा नाही. नापास झालेल्याची गुणपत्रिका दुसऱ्याच्याच घरी जाते.

आमच्या घरी ती २०११ साली आली. अप्पा, म्हणजे आमचे वडील, पहाटे सायकलला दोन किटल्या लावून रस्ता ओलांडत होते. दोन गाड्या शर्यत लावून आल्या. पहिली गेली. दुसरीच्या आरशाने त्यांना उडवलं. मांडीत सळई बसली आणि सायकल कायमची सुटली. दुपारी तो मुलगा दवाखान्यात आला. चांगल्या घरातला, चपला बाहेर काढून आत आलेला. "गाडी कंट्रोलमध्येच होती काका," एवढंच तो परत परत म्हणत होता. अप्पांनी त्याला विचारलं, "तुला कुठं लागलं नाही ना रे?" तो पोरगा तिथे जो रडायला लागला तो थांबेना. शाळेच्या गणवेशातला माझा पुतण्या कॉटच्या कोपऱ्यावर बसून हे बघत होता.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. मी आकड्यांतला माणूस आहे, पण हा आकडा मला मोजता येत नाही. त्र्याण्णववरच चुकतो.

म्हणून मी दादाला विचारलं, "भीमेपलीकडे शिरूरला बैलगाडे कुठे पळवतात?"

"घाटात."

"हायवेवर का नाही पळवत?"

दादा गप्प. बैलगाड्याचा घाट म्हणजे शर्यतीसाठी राखलेली चढाची धावपट्टी. दोन्ही बाजूंना माणसं, एका वेळी एकच बारी, निकाल सेकंदावर. गाडाही हलकाच असतो, त्याला कुणी लोखंडी कठडे लावून सजवत नाही. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, तेव्हा आमच्या भागात घरचं माणूस गेल्यासारखं वातावरण होतं. मग कायदा दुरुस्त झाला, मोर्चे निघाले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. बैलांना पळायला जागा मिळावी म्हणून आपण दिल्लीपर्यंत भांडलो. मोटारींसाठी कोण भांडलं? पिंपरीत मोटारी बनतात, चाकणला बनतात, खुद्द शिरूर तालुक्यात रांजणगावला बनतात. जाहिरातीत त्या रिकाम्या रस्त्यावरून पक्ष्यासारख्या उडतात. मग ती उडण्याची हौस फिटवायची कुठे, हे सांगायला मात्र कुणी येत नाही. ट्रॅक म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: चोचले चालूच आहेत हो, फक्त आमच्या दारात चालू आहेत आणि त्याचं बिल अप्पांसारखे लोक भरतात. बैलाला घाट आहे. मोटारीला एखादा साधा, स्वस्त, कुंपणाचा घाट तालुक्याच्या गावाजवळ होऊ द्या. कडेला अ‍ॅम्ब्युलन्स उभी करा, मारुती ८०० वाल्याला परवडेल एवढी फी ठेवा.

"ट्रॅकवर शिकलेली पोरं रस्त्यावर आणखी पळवतील," असं निवृत्त ड्रायव्हर म्हणाले. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीला मान देऊन सांगतो, काही पळवतीलही. वेडाला औषध नाही. पण ज्याने बंद जागेत साठच्या वेगाला गाडी गरागरा फिरलेली एकदा पोटात अनुभवली आहे, त्याला समोर सायकल दिसली की काय होऊ शकतं ते माहीत असतं. रात्री अकरानंतरच्या मुलांना ते माहीत नसतं. कळतं तेव्हा दवाखान्यात चपला बाहेर काढायची वेळ आलेली असते.

त्या रात्री परिषद कुणाचाही जय न होता उठली. दोन आठवड्यांनी पुतण्याने बारामती पासिंगची २०१२ ची पांढरी मारुती ८०० घेतली. पाऊण लाखात, रोख. चुंबक सगळीकडे चिकटला, मेस्त्रींची अब्रू राहिली. ब्रेक, टायर आणि पट्टे यांवर गाडीच्या निम्मे पैसे गेले. मागची सीट आणि टेप काढून वजन कमी केलं. वहिनींनी डॅशबोर्डवर गणपती बसवला, त्याचं वजन मात्र धरायचं नाही असं ठरलं. मग तो आणि त्याचा मित्र ती हाकत दोन दिवसांत कोइमतूरला गेले. मोडली तर तिथेच भंगारात देऊन रेल्वेने या, असं मी बजावलं होतं. मोडली नाही.

परत आला त्या संध्याकाळी स्टँडवर सगळे जमले. किती पळाली, हा एकच प्रश्न. तो म्हणाला, पहिल्या दिवशी तिथल्या सगळ्या गाड्या मला ओलांडून गेल्या. शेवटच्या दिवशी एक फेरी अकरा सेकंद लवकर झाली. गावाची फार निराशा झाली. बैल अख्खा घाट याहून कमी वेळात मारतो, असं ट्रॅक्टरवाले म्हणाले.

मग तो घराकडे निघाला. मी शेजारी बसलो होतो. काटा तिसाच्या पुढे जाईना. मागून उसाच्या ट्रॉलीने हॉर्न मारला, तरी जाईना. घरासमोर अप्पा काठी टेकत रस्त्याच्या कडेला उभे होते. त्याने गाडी त्यांच्याआधी चांगली वीस पावलं उभी केली. अप्पांनी सावकाश रस्ता ओलांडला, मग वळून परत आले आणि काठीने बॉनेटवर टकटक केलं.

"हीच का रे ती शर्यतीची?"

"हो अप्पा."

"मग इतकी हळू का?"

"घाट नाही ना इथं."

अप्पांनी जरा विचार केला. मग दार उघडून मला म्हणाले, "तू उतर. मागं बसायला जागा नाही. मला हा उद्या बँकेत नेईल, पासबुक भरायचंय."